मागे पडलेल्या मुलाला शिकवताना: आधी चूक वाचा, मग शिकवा

५२ मधून २७ वजा करायला सांगितल्यावर एखादं मूल ३५ लिहितं. बहुतेक वेळा यावर लाल फुली पडते, 'लक्ष देऊन कर' असं बजावलं जातं आणि तसलीच आणखी दहा गणितं दिली जातात. पण ते उत्तर दुर्लक्षामुळे आलेलं नाही. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मुलाने ७ मधून २ काढले, आले ५. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, उरले ३. मोठ्यातून लहान वजा करायचं हा त्याचा नियम आहे आणि तो त्याने इमानेइतबारे पाळला आहे. त्याला ८१ वजा ४६ घाला, उत्तर ४५ येणार हे आधीच सांगता येतं. ७४ वजा ३१ घातलं तर मात्र तेच मूल ४३ हे बरोबर उत्तर लिहील, कारण तिथे हातच्याची गरजच पडत नाही. मग वही तपासणाऱ्याला वाटतं, काही गणितं येतात, काही चुकतात, म्हणजे पोरगं वेंधळं आहे.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांचा अभ्यास मांडला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: अनेक चुकांमागे एखादा ठरावीक, पण चुकीचा नियम असतो. तो नियम सापडेपर्यंत दिलेला सराव म्हणजे चुकीच्या नियमाचाच सराव. दहा गणितं जास्त दिली की तो दहा पटींनी पक्का होतो.

वैयक्तिक शिकवणीचं खरं बळ इथे आहे. भरलेल्या वर्गात प्रत्येकाच्या डोक्यातला नियम शोधत बसायला कुणाकडेच वेळ नसतो; समोर एकच मूल असेल तर तो शोधता येतो. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली लिहिलं होतं की एकास-एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. हा आकडा अजून ठिकठिकाणी फिरतो, पण तो जरा हात राखूनच घ्यावा. २०२० साली ९६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सरासरी परिणाम ०.३७ प्रमाण विचलन इतका निघाला. सोप्या भाषेत सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधोमध असलेलं मूल साधारण चौदा जागा पुढे सरकतं. शिक्षणातल्या इतर उपायांशी तुलना करता हे पुष्कळच आहे, फक्त जादू नाही. त्याच आढाव्यात आणखी एक कळलं: शिक्षकांनी किंवा प्रशिक्षण घेतलेल्या साहाय्यकांनी दिलेली शिकवणी, हौसेने शिकवणाऱ्या स्वयंसेवकांच्या आणि पालकांच्या शिकवणीपेक्षा जास्त परिणामकारक ठरली. माया असली म्हणजे शिकवता येतं असं नाही.

पहिल्या तासाला शिकवू नका

पहिली भेट पूर्णपणे शोधासाठी ठेवावी. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरतात. मूल ज्या इयत्तेत आहे तिथून सुरुवात न करता दोन-तीन इयत्ता मागे जायचं आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारे दहा-बारा प्रश्न द्यायचे. पहिले तीन-चार त्याला नक्की यावेत असे असू द्या. हात मोकळा होतो आणि 'इथेही माझी फजितीच होणार' ही धास्ती थोडी ओसरते. प्रत्येक प्रश्न मुलाने बोलत बोलत सोडवायचा. तुम्ही ऐकायचं, टिपून घ्यायचं आणि चूक झाली तरी त्या दिवशी सुधारायची नाही. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. चूक दिसली की शिकवणाऱ्याची जीभ वळवळायला लागते. पण तुम्ही सुधारलंत की मूल बोलायचं थांबतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं द्यायला लागतं, मग शोध तिथेच संपतो.

'समजलं का?' हा प्रश्न तर विचारूच नये. मागे पडलेल्या मुलाला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने कळलेलं असतं की 'हो' म्हटलं की सुटका होते. त्याऐवजी 'पुढची पायरी कर' म्हणा, किंवा 'हे जमणार नाही असं एक उदाहरण सांग' म्हणा. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीनपर्यंत मोजा. मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलतात. हे थांबणं तीन सेकंद किंवा अधिक केलं की मुलांची उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं. संथ मुलाच्या बाबतीत पाच-सात सेकंदही थांबावं. शांतता अवघडल्यासारखी वाटते ती तुम्हाला. मूल तेव्हा विचार करत असतं.

अपूर्णांकाचं उदाहरण घ्या. ३/४ + २/५ चं उत्तर मूल ५/९ लिहितं: वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे. समच्छेद करायची रीत पुन्हा सांगितली तर त्या दिवशी जमते, पुढच्या आठवड्यात परत ५/९. कारण त्याच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्या नाहीच, रेघेच्या वर-खाली बसलेल्या दोन संख्या आहेत. इथे रीत बाजूला ठेवा आणि विचारा, '५/९ मोठे की ३/४?' पट्टी काढून, रंगवून बघू द्या. ५/९ निम्म्याहून जेमतेम जास्त, ३/४ त्याच्या बरंच पुढे. म्हणजे ३/४ मध्ये भर घातली आणि उत्तर कमी झालं! हा गोंधळ मुलाला स्वतःला दिसला की समच्छेदाची गरज त्यालाच वाटते आणि २३/२० हे उत्तर एकापेक्षा मोठं का, हेही पटतं.

भाषेत आणि इतर विषयांत शोध निराळा असतो. शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचून घ्या. दहापेक्षा जास्त शब्द अडले तर तो मजकूर त्या मुलाला एकट्याने वाचण्याजोगा नाही, इतिहास-विज्ञान समजण्याचा प्रश्न त्यानंतरचा. वाचन सफाईदार आहे पण दोन वाक्यांत काय वाचलं ते सांगता येत नाही, तर अडचण शब्दसंग्रहाची किंवा अर्थ जुळवण्याची. पुष्कळ मुलांचं विज्ञान कच्चं नसतं, त्यांना 'कारणे द्या' आणि 'फरक स्पष्ट करा' यांत काय वेगळं लिहायचं तेच कुणी सांगितलेलं नसतं.

शोधताना दृष्टी, श्रवण आणि झोप यांची चौकशीही करावी. काही महिने नीट शिकवूनही अक्षरओळख किंवा लहान संख्यांचा अंदाज बसत नसेल तर मुलाला तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवण्याचा सल्ला द्यावा. निदान शिकवणाऱ्याने करू नये.

धीर देऊन धीर येत नाही

'तू हुशार आहेस, तुला जमेल' हे वाक्य मुलाला आत्मविश्वास देतं असा समज आहे. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली स्व-क्षमतेची कल्पना मांडली, म्हणजे 'हे काम मला करता येईल' हा विश्वास. तो चार वाटांनी येतो असं त्यांनी सांगितलं: स्वतः काम करून यश मिळणं, आपल्यासारख्या कुणाला तरी ते जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीराची अवस्था (धडधड, घाम, पोटात गोळा). यांत सगळ्यात भक्कम पहिली. शब्दांचा धीर कमकुवत, कारण पुढच्याच गणितात अडलं की तो खोटा ठरतो. वर मुलाला आणखी एक गोष्ट कळते: या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

तेव्हा आत्मविश्वास वाढवून मग अभ्यास, हा क्रम उलटा आहे. आधी लहान पण खरं यश, तेही मुलाच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसणारं. बंडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा प्रयोग यासाठी फार बोलका आहे. वजाबाकीत खूप मागे पडलेल्या मुलांना ४२ पानांचा स्वाध्याय दिला. काहींना सांगितलं, दर बैठकीत सहा पानं करायचं बघा. काहींना सांगितलं, सात बैठकांत ४२ पानं पुरी करायचं बघा. काम तेच. पण सहा पानांचं ध्येय असलेली मुलं जास्त शिकली आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त वाढला, कारण दर बैठकीला 'झालं' म्हणण्याची जागा त्यांना मिळाली.

घाबरलेल्या मुलाचं डोकं खरोखरच कमी चालतं, हे उगाच म्हटलेलं नाही. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी मुळातच थोड्या, साधारण चारच्या आसपास. त्यातली एखादी-दुसरी जागा 'आता चुकणार, आता हसतील' या विचाराने अडवली की हातचा लक्षात ठेवायला जागा उरत नाही. मग चूक होते, आणि भीती खरी ठरते. हे चक्र उपदेशाने तुटत नाही. मनावरचा भार उतरवावा लागतो: पायऱ्या कागदावर लिहून द्या, पाढ्यांचा तक्ता समोर ठेवा, सुरुवातीला घड्याळ काढून घ्या.

स्तुती करूच नये असं नाही, पण कशाची करतो ते बघावं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत 'तू हुशार आहेस' अशी स्तुती झालेल्या मुलांनी पुढे सोपी कामं निवडली आणि अवघड प्रश्नांत आपटल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली. यातून पुढे मानसिकता बदलण्याच्या, म्हणजे 'बुद्धी मेहनतीने वाढते' असं मुलांना पटवण्याच्या भाषणांची लाट आली, त्या भाषणांचा परिणाम मात्र फारच माफक निघाला. नुसतं 'छान मेहनत केलीस' हेही पोकळच. 'दुसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं होतं ते तूच पकडलंस' ही स्तुती उपयोगाची, कारण काय पुन्हा करायचं ते मुलाला कळतं.

परांची उभारायची आणि उतरवायची

मदत किती करायची हा शिकवणीतला सगळ्यात नाजूक भाग. डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना मदत कशी दिली जाते ते पाहिलं आणि तिला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत परांची लागते, पण ती इमारतीचा भाग नसते.

व्यवहारात मदतीची एक शिडी मनात ठेवावी. सगळ्यात खालची पायरी नुसता प्रश्न: 'आता काय करशील?' अडलं तर लक्ष वळवा: 'छेदांकडे बघ.' तरी अडलं तर काय करायचं ते सांगा: 'दोन्ही छेद सारखे कर.' तरीही नाही, तर अर्धं करून द्या: ३/४ = □/२०. आणि शेवटी, अगदीच नाइलाज झाला तर, पूर्ण करून दाखवा आणि लगेच तसंच दुसरं मुलाला करू द्या. नियम एवढाच की मूल अडलं की एक पायरी वर, जमलं की एक पायरी खाली. बहुतेक जण अडल्याबरोबर थेट सगळ्यात वरच्या पायरीवर उडी मारतात आणि जमल्यावर खाली यायचं विसरतात. पेन्सिल कुणाच्या हातात आहे यावर नजर ठेवा. ती तुमच्या हातात असेल तर शिकताय तुम्ही.

नवीन रीत शिकवताना मात्र सुरुवातीला 'तूच शोध' म्हणणं चुकीचं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितात दाखवलं की नवख्या विद्यार्थ्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासण्याचा फायदा नुसती गणितं सोडवण्यापेक्षा जास्त होतो. धडपडण्यातच सगळं लक्ष खर्च झालं तर रीत समजायला काही शिल्लक राहत नाही. २क्ष + ६ = १४ घ्या. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं: दोन्हीकडून ६ वजा, २क्ष = ८, दोन्हीकडे २ ने भाग, क्ष = ४, ताळा २ × ४ + ६ = १४. दुसऱ्यात शेवटची ओळ कोरी. तिसऱ्यात शेवटच्या दोन कोऱ्या. अशी पाच-सहा उदाहरणं गेली की सातवं मूल आपल्या हाताने सुरुवातीपासून करतं. कोऱ्या जागा मागून पुढे सरकवल्या की प्रत्येक उदाहरणाचा शेवट मुलाच्या हातून होतो, हा त्यातला फायदा. एकदा जमायला लागलं की सोडवलेली उदाहरणं बंद करा. ज्याला येतं त्याला ती कंटाळवाणी आणि अडथळ्याची होतात.

सरावाचे प्रश्न असे निवडा की दहापैकी साधारण आठ बरोबर यावेत. दहाच्या दहा येत असतील तर तुम्ही वेळ घालवताय, पाचच येत असतील तर पायरी फार उंच झाली.

एका तासाची आखणी साधारण अशी बसते: पहिली सात-आठ मिनिटं गेल्या आठवड्यातल्या आणि त्याआधीच्या गोष्टींवर चार-पाच प्रश्न, वही मिटून, मग पंधरा मिनिटं एकच नवी गोष्ट, मग पंधरा मिनिटं मुलाचा एकट्याचा सराव, तुम्ही गप्प, उरलेल्या वेळात आज काय शिकलो ते मुलाने तुम्हाला शिकवायचं. आठवड्यातून तीनदा, शक्यतो एकाच शिक्षकाकडे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. गट करायचाच असेल तर तिघा-चौघांपलीकडे नको, आणि साधारण सारख्याच जागी अडलेली मुलं घ्या. त्यात शेजारच्याला जमलेलं बघून येणारी हिंमतही मिळते.

वही मिटून आठवायला लावणं मुलांना आवडत नाही, पण ते वगळू नका. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. घात इथेच होतो. पुन्हा वाचताना 'मला येतंय' असं वाटतं, आठवताना 'मला येत नाही' असं वाटतं. आधीच खचलेल्या मुलाला हे दुसरं वाटणं झेपत नाही, म्हणून सुरुवात करण्यापूर्वीच सांगून ठेवा की या भागात अडणारच, अडणं हाच त्यातला व्यायाम आहे, आणि या कागदावर गुण नाहीत.

गुणांबद्दल थोडं थांबायला हवं. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात काहींना नुसते शेरे दिले, काहींना नुसते गुण, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. गुण जोडले की शेऱ्यांचा फायदा नाहीसा झाला, कारण नजर आकड्यावर जाऊन थांबते. सरावाच्या वहीत आकडा लिहू नका. एक ओळ पुरे: काय बरोबर होतं, कुठे फिसकटलं, पुढच्या वेळी काय करून बघायचं. आणि 'हे कसं काढलंस?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलात तर मुलं तो प्रश्न ऐकताच रबर उचलतात.

कुठे बिघडतं

शिकवणीचा गृहपाठ-कारखाना होणं हा सगळ्यात नेहमीचा रोग. वही पूर्ण होते, सगळे खूश, आणि मुलाला मदतीशिवाय पान उलटता येत नाही. गृहपाठातले दोन प्रश्न एकत्र करा, बाकीचे त्याचे त्याला करू द्या, अपुरे राहिले तरी.

उलट टोकाची चूक म्हणजे महिनोन्‌महिने फक्त पायाच भरत राहणं. आठवीतल्या मुलाला रोज चौथीची वजाबाकी दिली तर पाया कदाचित भरेल, पण मुलाचा अपमान होतो आणि वर्ग आणखी पुढे निघून जातो. दोन हिस्से वेळ पायाला आणि एक हिस्सा वर्गात पुढच्या आठवड्यात येणाऱ्या धड्याला द्यावा. तो धडा पूर्ण शिकवायचा नाही; चार नवे शब्द, एक आकृती, एक सोपं उदाहरण, बस. वर्गात तो विषय निघाल्यावर कधी नव्हे तो त्या मुलाचा हात वर जातो. चारचौघांत मिळालेलं ते एक बरोबर उत्तर शिकवणीतल्या वीस बरोबर उत्तरांइतकं काम करतं.

शाळेत एक रीत आणि शिकवणीत दुसरी, यानेही मुलं गोंधळतात. तुमची रीत कितीही सुबक असो, आधी वर्गातली रीत का चालते ते समजावा.

पालकांना सुरुवातीलाच सांगून ठेवावं की गुण उशिरा हलतात, कारण परीक्षा चालू इयत्तेची असते आणि काम मागच्या इयत्तांचं चाललेलं असतं. त्याआधी दिसणाऱ्या खुणा वेगळ्या: उत्तरपत्रिकेत कोऱ्या जागा कमी होतात, खाडाखोड असते पण रबराने पुसून भोक पाडलेलं नसतं, 'मला येत नाही'च्या जागी 'इथपर्यंत आलं, पुढे अडलं' असं येतं. त्यातली सगळ्यात पक्की खूण म्हणजे तुम्ही मदतीला तोंड उघडताच मूल म्हणतं, 'थांबा, सांगू नका.'

ते ऐकू आलं की परांची उतरवायला घ्या. तीनाच्या जागी आठवड्याला दोन बैठका, मग एक. मध्येच अवघड धडा आला तर पुन्हा दोन करायला हरकत नाही. शिकवणी पूर्ण थांबवल्यावर महिन्याभराने एकदा बसा आणि पहिल्या दिवशी दिलेले तेच दहा-बारा प्रश्न, आकडे बदलून, मुलापुढे ठेवा. शेजारी पहिल्या दिवशीचा कागदही ठेवा आणि दोन्ही त्यालाच तपासू द्या.